नाइट सिटी आणि जुनी हार्ड डिस्क: ‘सायबरपंक २०७७’चे प्रकरण

पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी पीसी, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि गूगलच्या स्टेडिया सेवेवर एकाच दिवशी प्रसिद्ध झाला. आगाऊ मागणीच ८० लाख प्रतींची होती. ज्यांच्याकडे दमदार पीसी होता त्यांच्यापुढे निऑन दिव्यांनी झळाळणारे, माणसांनी गजबजलेले नाइट सिटी हे शहर उभे राहिले. ज्यांच्याकडे २०१३ सालचा मूळ प्लेस्टेशन ४ होता त्यांना मात्र ओस पडलेले रस्ते, उशिरा उमटणारे चेहरे आणि मध्येच बंद पडणारा गेम पाहावा लागला. आठवडा उलटतो न उलटतो तोच सोनीने हा गेम आपल्या ऑनलाइन स्टोअरमधून काढून टाकला आणि ज्यांना हवे असतील त्यांना पैसे परत देण्याचे जाहीर केले. एवढ्या गाजावाजाने आलेल्या गेमवर अशी वेळ येण्याची उदाहरणे फारच थोडी आहेत.

कन्सोल (म्हणजे प्लेस्टेशन, एक्सबॉक्ससारखे गेम खेळायचे यंत्र) जुना होता आणि गेम जड होता, असे या घटनेचे स्पष्टीकरण तेव्हापासून दिले जाते. ते खोटे नाही, पण त्यातून कळते फार थोडे. त्याच प्लेस्टेशन ४वर मोठमोठी शहरे असलेले गेम त्याआधी उत्तम चालले होते आणि पुढे हाच ‘सायबरपंक’ हातात धरून खेळायच्या एका छोट्या यंत्रावरही नीट चालला. म्हणून यंत्राची ताकद किती होती याऐवजी, यंत्राच्या कोणत्या भागावर गेमने आपला भार टाकला होता, हे तपासल्याशिवाय या प्रकरणाचा उलगडा होत नाही. माझ्या मते येथे सर्वाधिक भार पडला तो नेमका यंत्राच्या सर्वांत दुबळ्या भागावर, आणि तो भाग कोणता हे गेमची रचना ठरत असतानाच दिसायला हवे होते.

प्लेस्टेशन ४च्या ग्राफिक्स चिपची क्षमता १.८४ टेराफ्लॉप्स (सेकंदाला १.८४ लाख कोटी आकडेमोडी) होती आणि २०१३च्या मानाने ती चांगली म्हणावी अशीच होती. ८ गीगाबाइट मेमरी वेगवान होती, मात्र त्यातला बराच वाटा यंत्राच्या स्वतःच्या कामासाठी राखीव असल्याने गेमच्या पदरात साधारण ५ गीगाबाइट पडत. प्रोसेसरचे आठ कोअर होते, पण ते १.६ गीगाहर्ट्झवर चालणारे, मुळात कमी वीज खाणाऱ्या हलक्या लॅपटॉपांसाठी घडवलेल्या जग्वार जातीचे होते. आणि या सगळ्याच्या मागे डेटा पुरवायला होती मिनिटाला ५४०० फेरे घेणारी एक साधी हार्ड डिस्क. जाहिरातीत आणि चर्चेत टेराफ्लॉप्सचा आकडाच मिरवत असे. हार्ड डिस्कबद्दल बोलले जाई ते तिच्यात किती गीगाबाइट मावतात एवढ्यापुरतेच.

ही डिस्क काम कसे करते ते थोडे जवळून पाहू. मिनिटाला ५४०० फेरे म्हणजे सेकंदाला ९० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवा असलेला डेटा वाचणाऱ्या सुईखाली फिरून येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा लागतो आणि त्याआधी सुईला योग्य वर्तुळावर सरकावे लागते, त्यात आणखी दहा-एक मिलिसेकंद जातात. याचा अर्थ असा की विखुरलेले छोटे छोटे तुकडे उचलायचे झाले, तर ही डिस्क एका सेकंदात साठ-पासष्टच्या पलीकडे तुकडे उचलू शकत नाही, मग सलग वाचताना तिचा वेग कितीही असो. आता नाइट सिटीत ताशी १५० किलोमीटर वेगाने गाडी हाकणाऱ्या खेळाडूचा विचार करा. तो दर सेकंदाला जवळजवळ ४२ मीटर पुढे जातो. त्या ४२ मीटरांत इमारतींचे दर्शनी भाग, दुकानांच्या पाट्या, हलत्या जाहिराती, खाण्याचे ठेले, कचऱ्याचे ढीग, वेगवेगळ्या कपड्यांतली माणसे, त्यांचे आवाज आणि शेजारून जाणारी वाहने असे सगळे असते. गेमच्या चित्रकारांनी शहराचा कोपरा न् कोपरा वेगळा दिसावा म्हणून जीव ओतून काम केले होते, आणि ते काम खरोखर देखणे आहे. पण प्रत्येक वेगळी वस्तू म्हणजे डिस्कवरून उचलायचा आणखी एक तुकडा. मेमरी ५ गीगाबाइट, पुढचे शहर त्याहून कितीतरी मोठे, आणि डिस्कची झेप सेकंदाला साठ-पासष्ट तुकड्यांची. हे गणित जुळणे अवघडच होते.

जे दिसले ते याला धरूनच होते. चेहऱ्यांवर आणि भिंतींवर आधी अस्पष्ट, मेणासारखे टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवलेले चित्र) येई आणि खरा तपशील काही सेकंदांनी उमटे, कारण तो अजून डिस्कवरून निघालेलाच नसे. रस्त्यावरची माणसे व गाड्या मोजक्या असत, कारण प्रत्येकाच्या हालचालीचा हिशेब प्रोसेसरला करावा लागतो आणि प्रत्येकाचे रूप मेमरीत ठेवावे लागते. दूरच्या रस्त्यावर रहदारी दिसे, पण ती सपाट चित्रांची असे आणि जवळ जाताच नाहीशी होई. चित्राचे रिझोल्यूशन (ठिपक्यांची संख्या) गरजेनुसार कमी होत होत ७२०पीच्या आसपास येई आणि तरीही, सेकंदाला ३० फ्रेमचे, म्हणजे ३० चित्रांचे, उद्दिष्ट असताना, गर्दीच्या ठिकाणी वेग २०च्या खाली घसरे. रिझोल्यूशन कमी केल्याने ग्राफिक्स चिपचा भार हलका होतो. प्रोसेसर किंवा डिस्क तुंबली असेल तर त्याचा काहीही उपयोग होत नाही. म्हणून चित्र अंधूक करूनही खेळ अडखळतच राहिला. हा एकच धागा नीट धरला, तरी दुखणे कुठे होते हे उघड होते.

आणखी एक पुरावा पहिल्याच दिवसापासून उपलब्ध होता. प्लेस्टेशन ५साठीची वेगळी आवृत्ती तेव्हा तयार नव्हती. नव्या कन्सोलवर चालत होती ती प्लेस्टेशन ४चीच आवृत्ती. तीच फाइल, तेच शहर, पण तेथे गेम सेकंदाला ६० फ्रेमच्या जवळ पोचे आणि टेक्स्चरही वेळेवर येत. प्लेस्टेशन ५मध्ये झेन २ जातीचा, दुप्पट घड्याळवेगाचा आणि प्रत्येक ठोक्याला कितीतरी अधिक काम उरकणारा प्रोसेसर आहे, आणि हार्ड डिस्कच्या जागी सेकंदाला ५.५ गीगाबाइट वाचणारी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली साठवण, आहे.

प्लेस्टेशन ५चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२०मध्ये दिलेल्या तांत्रिक व्याख्यानात हाच मुद्दा मांडला होता, आणि ‘सायबरपंक’ येण्याच्या नऊ महिने आधीचे ते व्याख्यान आज ऐकले तर या प्रकरणाचे निदान अगोदरच लिहून ठेवल्यासारखे वाटते. हार्ड डिस्क असलेल्या यंत्रावर पुढच्या साधारण ३० सेकंदांच्या खेळाला लागणारे सगळे आधीच मेमरीत भरून ठेवावे लागते, असे त्यांनी सांगितले. एसएसडी असेल तर पुढच्या एका सेकंदापुरते ठेवले तरी भागते. म्हणजे संथ डिस्क नुसती वेळ खात नाही, ती मेमरीही खाते. पाच गीगाबाइटपैकी बराच भाग खेळाडूला न दिसणाऱ्या, कदाचित तो कधी जाणारही नाही अशा रस्त्यांसाठी अडकून पडतो. गेममधल्या नागमोडी वाटा आणि संथ लिफ्ट पुष्कळदा डिस्कला वेळ मिळावा म्हणूनच असतात, हे खेळणाऱ्याला जाणवत नाही. बनवणाऱ्याला मात्र पहिल्या दिवसापासून त्याचा विचार करावा लागतो.

येथे तुलनेला सर्वांत योग्य ठरतो तो सप्टेंबर २०१८मध्ये आलेला इन्सोम्नियाक गेम्सचा ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’. यंत्र तेच, मूळ प्लेस्टेशन ४. तेथेही अखंड, दाट शहर आणि त्यातून वेगाने जाणारा खेळाडू. तरीही तो गेम ३० फ्रेमवर स्थिर चालला. कारण तेथे शहराची रचना डिस्कच्या मापाने झाली होती. स्पायडर-मॅन कितीही ताकदवान झाला तरी त्याचा वेग एका मर्यादेपलीकडे जात नाही आणि ती मर्यादा हार्ड डिस्क डेटा किती लवकर देऊ शकते यावरून ठरलेली होती, असे सर्नी यांनीच सांगितले आहे. टपालपेटीसारख्या काही वस्तूंचा डेटा डिस्कवर ४०० वेळा लिहून ठेवला होता, म्हणजे शहराच्या कोणत्याही तुकड्याबरोबर ती पेटी सलग वाचता येई आणि सुईला पुन्हा धावावे लागत नसे. जागा वाया गेली, वेळ वाचला. शिवाय जाळ्यावरून झोके घेणारा खेळाडू बहुतेक वेळ छपरांच्या पातळीवर असतो. त्याला खालच्या दुकानात शिरायचे नसते, फुटपाथवरच्या माणसाशी बोलायचे नसते.

नाइट सिटीचे मर्म नेमके याच्या उलट होते. खेळाडू पात्राच्याच डोळ्यांनी, माणसाच्या उंचीवरून शहर पाहतो. चेहरे हातभर अंतरावर येतात. तो पायी चालतो, दारात शिरतो, लिफ्टने पन्नासाव्या मजल्यावर जातो, खाली उतरून मोटारसायकलवर बसतो, आणि हे सगळे मध्ये कोठेही लोडिंगचा पडदा न येता. ही मांडणी फार मोठी कल्पना होती आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. मात्र ती स्वीकारताच वेग, घनता आणि वेगळेपण या तिन्ही गोष्टी एकाच वेळी डिस्ककडून मागितल्या गेल्या. ‘स्पायडर-मॅन’ने त्यांतल्या दोन घेतल्या आणि तिसरीवर पाणी सोडले.

याहून जुन्या यंत्रांवरही मार्ग काढले गेले होते. २०१३मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ आला तेव्हा प्लेस्टेशन ३मध्ये प्रोसेसरसाठी २५६ आणि ग्राफिक्ससाठी २५६ मेगाबाइट मेमरी होती. एक्सबॉक्स ३६०वर तो गेम दोन डिस्कांवर आला. एक हार्ड डिस्कवर उतरवायची आणि दुसरी खेळताना ड्राइव्हमध्ये ठेवायची, म्हणजे गेमला दोन्ही ठिकाणांहून एकाच वेळी डेटा खेचता येई. खेळायची डिस्कसुद्धा हार्ड डिस्कवर उतरवू नका, असे तो गेम बनवणाऱ्या रॉकस्टारने खेळाडूंना मुद्दाम कळवले होते.

मग सीडी प्रोजेक्टमध्ये हे का घडले? कंपनीचे सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी १३ जानेवारी २०२१ रोजी प्रसिद्ध केलेल्या चित्रफितीत याचे उत्तर बऱ्याच मोकळेपणाने दिले. गेम आधी पीसीवर भव्य दिसेल असा बनवायचा आणि मग तो कन्सोलसाठी, विशेषतः जुन्या कन्सोलसाठी जुळवून घ्यायचा, असे ठरले होते. सुरुवातीला ते फार कठीण वाटले नाही आणि कामाचा अंदाज कमी पडला. शहर गच्च भरलेले आणि जुन्या कन्सोलच्या डिस्कचा वेग मर्यादित, त्यामुळे शहराचा डेटा पुरवणारी स्ट्रीमिंगची यंत्रणा सतत सुधारत राहावी लागली, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. खेळाडूंना दिसलेल्या अडचणींचा मोठा भाग चाचण्यांत दिसलाच नव्हता, असेही ते म्हणाले.

या कबुलीतला पहिला भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पीसीवरून कन्सोलकडे येताना चित्राचा दर्जा कमी करणे तुलनेने सोपे असते: सावल्या साध्या करा, रिझोल्यूशन उतरवा, प्रतिबिंबे काढा. ग्राफिक्स चिपवरचा भार असा नळ फिरवल्यासारखा कमी-जास्त करता येतो. शहर किती दाट आहे, रस्ता किती रुंद आणि सरळ आहे, गाडी किती वेगाने जाते, दोन वस्त्यांमध्ये डिस्कला श्वास घ्यायला जागा आहे की नाही, या गोष्टींना असा नळ नसतो. त्या नकाशातच असतात. नकाशा पूर्ण झाल्यावर, त्यावर शेकडो कामगिऱ्या आणि संवाद बेतल्यावर, रस्ता वळवणे म्हणजे गेम नव्याने बनवण्यासारखेच आहे. पीसीच्या आवृत्तीत संथ हार्ड डिस्कसाठी एक स्वतंत्र पर्याय ठेवला होता. म्हणजे बनवणाऱ्यांना दुखणे कुठे आहे ते माहीत होते. त्यावर उपाय करता येईल असा टप्पा तोवर मागे पडला होता, इतकेच.

वेळापत्रकाने त्यात भर घातली. एप्रिल २०२०ची तारीख सप्टेंबरवर गेली, मग १९ नोव्हेंबरवर, मग १० डिसेंबरवर. शेवटची लांबणी जाहीर करताना कंपनीने कारण दिले ते असे की गेमच्या नऊ आवृत्त्या एकाच वेळी तयार करून तपासाव्या लागत आहेत: एक्सबॉक्स वन आणि त्याचे एक्स मॉडेल, नव्या एक्सबॉक्स मालिकेची दोन यंत्रे, प्लेस्टेशन ४ आणि प्रो, प्लेस्टेशन ५, पीसी आणि स्टेडिया. जुने कन्सोल सोडून देणे व्यवहारात अशक्य मानले गेले असणार, कारण एकट्या प्लेस्टेशन ४ची विक्री ११ कोटींच्या पुढे गेली होती आणि नवे कन्सोल बाजारात येऊन जेमतेम महिना झाला होता. हा व्यापारी विचार मी समजू शकतो. ज्याचे समर्थन करता येत नाही ती गोष्ट पुढची आहे. प्रसिद्धीपूर्वी समीक्षकांना फक्त पीसीची आवृत्ती दिली गेली, त्यामुळे आगाऊ पैसे भरून बसलेल्या कन्सोलधारकाला आपल्या यंत्रावर गेम कसा चालतो हे जाणून घेण्याचा कोणताही मार्ग उरला नाही. यंत्र कमी पडले हा तांत्रिक प्रश्न होता. तो लपून राहिला हा विश्वासाचा प्रश्न होता.

२१ जून २०२१ रोजी गेम प्लेस्टेशन स्टोअरवर परतला, तेव्हाही मूळ प्लेस्टेशन ४वर अडचणी येऊ शकतात आणि प्रो किंवा प्लेस्टेशन ५वर खेळणे चांगले, अशी सूचना सोनीने जोडली होती. फेब्रुवारी २०२२मध्ये नव्या कन्सोलांसाठीची स्वतंत्र आवृत्ती आली. सप्टेंबर २०२२मधले १.६ हे अपडेट जुन्या कन्सोलांसाठीचे शेवटचे मोठे अपडेट ठरले. सप्टेंबर २०२३चे २.० अपडेट आणि ‘फँटम लिबर्टी’ हा विस्तार त्यांच्यासाठी आलाच नाही. पीसीवरही त्याच वर्षी हार्ड डिस्कचा आधार काढून घेऊन एसएसडी ही किमान अट करण्यात आली. २.०मध्ये पोलिसांच्या गाड्या खेळाडूचा रस्त्यांवरून पाठलाग करू लागल्या. मूळ गेममध्ये गुन्हा करताच पोलीस पाठीमागे अचानक प्रकट होत, आणि त्यावर खेळाडूंनी सडकून टीका केली होती. भरधाव पाठलाग म्हणजे स्ट्रीमिंगवरचा सर्वांत कठीण भार. तो जुन्या यंत्रांचे ओझे उतरल्यावरच गेममध्ये यावा, हे मला लक्षणीय वाटते.

जुने आणि नवे यांच्यातली ही सीमारेषा नेमकी कोठे पडली ते पाहिले की टेराफ्लॉप्सच्या आकड्यावर विसंबणारे स्पष्टीकरण टिकत नाही. जुन्या पिढीतल्या एक्सबॉक्स वन एक्सची ग्राफिक्स क्षमता ६ टेराफ्लॉप्स आणि मेमरी १२ गीगाबाइट होती. नव्या पिढीतल्या स्वस्त एक्सबॉक्स सिरीज एसची क्षमता ४ टेराफ्लॉप्स आणि मेमरी १० गीगाबाइट आहे. दोन्ही चिपांची जडणघडण वेगळी असल्याने आकड्यांची थेट तुलना काटेकोर नाही, हे मान्य. तरीही कागदावर दोन्ही बाबतींत मागे असलेल्या सिरीज एसला ‘फँटम लिबर्टी’ मिळाला आणि वन एक्सला मिळाला नाही. वन एक्समध्ये तोच जुना जग्वार, फक्त जास्त वेगाने चालवलेला, आणि तीच हार्ड डिस्क होती. सिरीज एसमध्ये आधुनिक प्रोसेसर आणि एसएसडी आहे.

५ जून २०२५ रोजी निन्टेन्डो स्विच २ बाजारात आला आणि त्याच दिवशी त्यावर ‘सायबरपंक’ विस्तारासह आला. हे यंत्र हातात धरून बॅटरीवर चालते. त्यात १२ गीगाबाइट मेमरी आहे आणि फिरती डिस्क कोठेही नाही. तेथे ३० फ्रेमचा दर्जेदार आणि ४० फ्रेमचा वेगवान असे दोन पर्याय दिले आहेत. गर्दी पीसीइतकी नाही, कष्टाच्या ठिकाणी वेग घसरतो, पण नाइट सिटी तेथे ओळखीचे राहते. अर्थात मधल्या साडेचार वर्षांत गेमचे अंतरंगही पुष्कळ दुरुस्त झाले होते, त्यामुळे सगळे श्रेय यंत्राला देणे अन्याय्य होईल.

वेगळा निर्णय शक्य होता का, या प्रश्नाला २०२३मध्ये एक जवळचे उदाहरण मिळाले. लेरियन स्टुडिओजचा ‘बाल्डर्स गेट ३’ ऑगस्टमध्ये पीसीवर आणि सप्टेंबरमध्ये प्लेस्टेशन ५वर आला. सिरीज एसवर मात्र एका पडद्यावर दोघांनी खेळण्याची सोय बसत नव्हती, आणि सिरीज एस आणि महागडा सिरीज एक्स या दोन्ही एक्सबॉक्सवर सारख्याच सोयी हव्यात हा मायक्रोसॉफ्टचा आग्रह होता. लेरियनने एक्सबॉक्सची आवृत्ती थांबवून ठेवली, मायक्रोसॉफ्टने अट सैल केली आणि डिसेंबरमध्ये गेम आला, तो सिरीज एसवर त्या सोयीविना आणि तसे आधीच सांगून. ती सोय एप्रिल २०२५च्या आठव्या पॅचमध्ये सिरीज एसलाही मिळाली. सीडी प्रोजेक्टला २०२०मध्ये जुन्या कन्सोलांची आवृत्ती पीसीपासून वेगळी काढून मागाहून आणता आली असती, किंवा माणसांची वर्दळ आणि गाड्यांचा वेग त्या यंत्रांवर उघडपणे कमी ठरवून तशी ती विकता आली असती. डिसेंबर २०२०अखेर १ कोटी ३० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या, त्यामुळे थोडे थांबल्याने कंपनी बुडाली असती असे मानायला जागा नाही.